इंजिनावरचा चिकटा आणि घरातला स्प्रे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

खंडेनवमी-दसरा जवळ आला की घरोघरी गाड्या धुतल्या जातात. अलीकडे बॉनेट उघडून इंजिनही लख्ख करण्याची हौस वाढली आहे. कडीकोयंडे आणि बिजागऱ्यांसाठी आणून ठेवलेला वंगणाचा स्प्रे हाताशी असतोच. तो मारला की काळा चिकटा सैल होतो, फडक्याने पुसला की धातू चमकतो आणि काम झालं असं वाटतं. प्रत्यक्षात तिथे निम्मं कामच झालेलं असतं. राहिलेल्या निम्म्या कामाबद्दल आणि हा स्प्रे जिथे मुळीच मारू नये त्या जागांबद्दल हे पत्र आहे.

या स्प्रेंपैकी डब्ल्यूडी-40 हे नाव सगळ्यांना ठाऊक आहे. 1953 मध्ये अमेरिकेतल्या सॅन दिएगो इथे रॉकेट केमिकल कंपनीने ते बनवलं, ते धातूवरचं पाणी हटवून गंज रोखण्यासाठी. ॲटलस क्षेपणास्त्राचा पातळ पत्रा गंजू नये म्हणून ते सुरुवातीला वापरलं गेलं. नावातली अक्षरं ‘पाणी हटवणे’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दांची आहेत आणि 40 हा आकडा चाळिसाव्या प्रयत्नाचा. धातूवर तेलाचा पातळ थर ठेवून जाणं हेच त्याचं काम. या जातीच्या बहुतेक स्प्रेंमध्ये रॉकेलसारखं पातळ द्रावक आणि थोडं खनिज तेल असतं. द्रावक चिकट्यात मुरतं, तो सैल करतं आणि उडून जातं. तेल मात्र तिथेच राहतं. त्यावर रस्त्याची धूळ बसते आणि महिना-दोन महिन्यांत आधीपेक्षा घट्ट राप तयार होतो. म्हणून स्प्रेनंतर साबणाचं पाणी आलंच पाहिजे.

उदाहरण म्हणून टॅपेट कव्हर, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाचं (हेडचं) झाकण घेऊ, कारण बहुतेक गाड्यांत तेल पाझरून सगळ्यात जास्त चिकटा तिथेच साचतो. इंजिन पूर्ण गार हवं, म्हणजे गाडी बंद करून किमान तीन तास झालेले असावेत. बॅटरीची ऋण तार आधी सोडावी. कव्हर उघडण्याआधी त्याच्या भोवतीची आणि बोल्टच्या खाचांतली वाळू-माती ब्रशने काढावी. प्लगच्या खोल खड्ड्यांत हवेचा झोत मारावा आणि मगच स्पार्क प्लग सोडावेत. हे टाळलं तर ती वाळू थेट सिलिंडरमध्ये पडते आणि भिंतीवर ओरखडे उठतात. कव्हर निघालं की उघड्या इंजिनावर धागे न सुटणारं स्वच्छ कापड पसरावं आणि कव्हर गाडीपासून लांब, उघड्या हवेत न्यावं. इंजिनावरच ठेवून साफ करू नये.

जाड थर आधी बांबूच्या चोयटीने किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडावा. स्क्रूड्रायव्हर नको. ॲल्युमिनियमवर पॅकिंग बसण्याच्या जागी एक ओरखडा पडला तरी तिथून तेल गळायला लागतं. रबरी पॅकिंग काढून बाजूला ठेवावं. ते कडक झालं असेल तर नवीनच टाकावं. मग एका हातभर अंतरावरून स्प्रे मारावा. एका कव्हरला 30 ते 40 मिली पुरे होतो, डबा रिकामा करायची गरज नाही. घाई केली की द्रव नुसता ओघळून जातो, म्हणून 10 ते 15 मिनिटं मुरू द्यावा. नंतर नायलॉनच्या ब्रशने घासून पुसावं आणि कोपरे काळे राहिले तर तेवढ्यावर पुन्हा मारावा. भांडी घासायची हिरवी घासणी इथे वापरू नये. तिचे कण अतिशय कठीण असतात. ते कव्हरच्या आतल्या कप्प्यात अडकले तर पुढे तेलात मिसळून बेअरिंग खातात.

आता राहिलेलं निम्मं काम. पाच लिटर कोमट पाण्यात भांड्यांचा द्रव साबण दोन मोठे चमचे घालून कव्हर आतून-बाहेरून धुवावं आणि साध्या पाण्याने विसळावं. तेल गेलं की नाही हे डोळ्यांना कळत नाही, पाणी सांगतं. पाणी सलग पातळ पडद्यासारखं पसरलं तर धातू स्वच्छ आहे. थेंब गोळा होऊन निसटायला लागले तर तेल शिल्लक आहे, पुन्हा साबण लावावा. कव्हरच्या आतल्या बाजूला वाफा वळवण्याचा पत्रा असतो. त्यामागे पाणी अडकून बसतं. कव्हर तिरकं करून, हवा मारून ते काढावं आणि मग तासभर उन्हात ठेवावं. हे पाणी आत राहिलं की इंजिन ऑइलवर दुधाळ फेस येतो आणि हेड पॅकिंग गेल्याचा भलताच संशय घेतला जातो.

पॅकिंग बसण्याची दोन्ही तोंडं, कव्हरचं आणि हेडचं, शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापडाने पुसावीत. गळती रोखायला लावलं जाणारं सिलिकॉन सीलंट तेलकट धातूला धरत नाही. वरून बसल्यासारखं दिसतं आणि इंजिन तापलं की कडेने सुटतं. मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या कोपऱ्यांतच ठिपका लावावा, सगळीकडे रेघ ओढू नये.

बोल्टच्या भोकांबद्दल बोललं जात नाही, म्हणून थोडं सविस्तर. काही भोकं तळाशी बंद असतात. त्यांत स्प्रेचा द्रव साचून राहिला आणि वरून बोल्ट आवळला, तर द्रवाला जायला वाट नसते. द्रव दाबला जात नाही, त्यामुळे तो दाब ओतीव धातूवर येतो आणि भोकाच्या भोवती तडा जाऊ शकतो. शिवाय आट्यांना तेल लागलं की घर्षण कमी होतं. त्याच टॉर्कला (पान्याने आवळण्याच्या जोराला) बोल्ट जास्त ताणला जातो आणि ॲल्युमिनियमचे आटे उपटून येतात. म्हणून भोकांत हवा मारावी, कापडाची वात फिरवावी आणि आटे कोरडे करावेत. टॅपेट कव्हरचे बारीक बोल्ट बऱ्याच गाड्यांत 8 ते 10 न्यूटन-मीटरलाच आवळायचे असतात. नेमका आकडा मॅन्युअलमधून घ्यावा, हाताच्या जोरावर सोडू नये.

जिथे स्प्रे मारूच नये अशा जागांत पहिला मान फॅन बेल्टचा. बेल्ट किंचाळला की स्प्रे मारायचा सल्ला सर्रास दिला जातो. आवाज लगेच थांबतो, कारण बेल्ट आता गुळगुळीत घसरत असतो. बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर पुरेसा फिरत नाही. ज्या गाडीत पाण्याचा पंपही त्याच बेल्टवर असतो, तिथे इंजिन तापतं. आताचे बेल्ट आणि रेडिएटरचे होस बहुधा ईपीडीएम या रबराचे असतात. पाणी, उष्णता यांना ते उत्तम टिकतं, पण खनिज तेलाने फुगतं आणि मऊ पडतं. ऑइल सील जन्मभर तेलात राहतो, म्हणून सगळं रबर तेल सोसतं असा समज आहे आणि तो चुकीचा आहे. ऑइल सीलचं रबर वेगळं असतं. इंजिनाच्या माउंटिंगचं रबरही तेलाने खराब होतं. चुकून फवारा उडाला तर लगेच साबणाच्या पाण्याने धुवावं.

एअर फिल्टरच्या पुढे हवा मोजणारा सेन्सर असतो. अनेक गाड्यांत त्यात केसासारखी बारीक तापलेली तार किंवा पातळ पट्टी असते. तिच्यावर तेलाचा थर बसला की हवेचं माप चुकतं, इंजिन अडखळतं आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो. त्यासाठी मागे काहीही न ठेवता उडून जाणारा वेगळा क्लीनर मिळतो, तोच वापरावा. इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या थ्रॉटल बॉडीलाही तिचा स्वतःचा क्लीनर असतो. तिथली पाकळी इलेक्ट्रॉनिक असेल तर बोटाने जोर लावून उघडू नये, आतले प्लॅस्टिकचे गिअर तुटतात. अल्टरनेटर, कपलर (तारांचे जोड), फ्यूजपेटी हे सगळं काम सुरू करण्याआधी प्लॅस्टिकच्या पिशवीने झाकावं. ब्रेकच्या डिस्कवर, पॅडवर या स्प्रेचा शिंतोडाही नको. पॅडने तेल प्यायलं की पॅड बदलण्यावाचून इलाज नाही. आणि डिझेल इंजिन चालू असताना हवा ओढण्याच्या तोंडाशी कोणताही ज्वलनशील स्प्रे मारू नये. तो फवारा आत जाऊन इंधनासारखा जळतो आणि इंजिनाचा वेग ताब्याबाहेर जाऊ शकतो.

स्प्रे महाग पडतो म्हणून अनेक ठिकाणी पेट्रोलने भाग धुतले जातात. हे थांबलं पाहिजे. पेट्रोलची वाफ शून्याखाली 40 अंशांनाही पेट घेण्याइतकी तयार होते. ती हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीवरून सरकत दूरच्या ठिणगीपर्यंत पोहोचते. रॉकेल किंवा डिझेल त्या मानाने बरं, पण त्यांचीही मर्यादा साधारण 35 ते 40 अंशांपासून सुरू होते. अकोला, नागपूर, चंद्रपुरात मे महिन्यात पारा 45 च्या घरात जातो, तेव्हा पत्र्याच्या शेडमधली रॉकेलची परातही पेटण्याच्या बेतात असते. गाडीवरच स्प्रे मारताना धोका सायलेन्सरच्या मॅनिफोल्डचा, म्हणजे इंजिनातून तापलेला धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांचा. इंजिन बंद केल्यावरही तो बराच वेळ तापलेला असतो आणि रॉकेलजातीचं द्रव सव्वादोनशे अंशांच्या आसपास ठिणगीशिवायही पेटतं. स्प्रेचा डबा गाडीत ठेवून गाडी उन्हात लावू नये. बहुतेक डब्यांवर 50 अंशांची मर्यादा छापलेली असते आणि काचबंद गाडीत डॅशबोर्ड ती सहज ओलांडतो.

कॉस्टिक सोड्याचं पाणी हा आणखी एक घरगुती उपाय. लोखंडावरचं ग्रीस त्याने निघतं, पण ॲल्युमिनियम काळं पडून झिजतं आणि हायड्रोजन वायू सुटतो. आजच्या बहुतेक इंजिनांची हेड आणि बरीच कव्हरं ॲल्युमिनियमची असतात, तेव्हा त्याच्या वाटेला जाऊ नये.

आता दोन मागण्या. या स्प्रेच्या डब्यांवर सूचना असतात, पण बारीक आणि इंग्रजीत. ज्वलनशीलतेचा इशारा, तापलेल्या धातूपासून लांब ठेवण्याची सूचना आणि रबर व ब्रेक टाळण्याची सूचना या तीन ओळी तरी महाराष्ट्रात विकल्या जाणाऱ्या डब्यांवर मराठीत, ठळक छापल्या जाव्यात. दुसरी मागणी उरलेल्या काळ्या द्रवाबद्दल. वापरलेलं तेल 2016 च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडतं, तरी ते गटारात ओतलं जातं आणि तिथून नाल्याने पंचगंगा, मुळा-मुठेत पोहोचतं. गॅरेजमधून ते नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडे जाण्याची वाट आहे. घरी इंजिन साफ करणाऱ्याला ती नाही. महापालिका आणि नगरपालिकांनी प्रत्येक प्रभागात एक झाकणबंद पिंप ठेवावं आणि ते दसरा-दिवाळीच्या आधी ठेवावं. तोवर हे द्रव घट्ट झाकणाच्या डब्यात साठवून ओळखीच्या गॅरेजला द्यावं. पाण्याच्या रिकाम्या बाटलीत मात्र कधीच भरू नये. लहान मूल ते पाणी समजून पिऊ शकतं. तसं घडलंच तर उलटी करवू नये, कारण द्रव फुप्फुसात उतरतं. मुलाला आणि ती बाटली, दोन्ही घेऊन थेट रुग्णालय गाठावं.

आपले,
मोटार दुरुस्तीच्या कामातील काही वाचक,
कोल्हापूर