भंगारातून होडीचं बारीक सामान

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

तुझ्या आरजी 65 चा, म्हणजे रिमोटवर चालणाऱ्या छोट्या शिडाच्या होडीचा, सांगाडा उभा राहिला हे वाचून फार बरं वाटलं. आता 650 मिमीच्या होडीसाठी बारीकसारीक सामान विकत घेऊ नकोस. सायकलवाल्याकडून जुने स्टेनलेसचे स्पोक निपलसकट (आट्यांवर बसणाऱ्या बारीक नटासकट) माग आणि भंगारवाल्याकडे जुन्या रेडिओची एरियल शोध. स्पोकला चुंबक लावून बघ. जोरात चिकटला तर तार साधी आहे, खाडीच्या पाण्यात गंजणार.

डोलकाठीच्या बाजूचे दोर ताणायला निपल उत्तम. पितळी पट्टी छोट्या पुलासारखी वाकव, डेकपासून 8 मिमी उंच. मधे 4.2 मिमीचं भोक पाड आणि निपल खालून वर घाल, म्हणजे त्याचं डोकं पट्टीखाली अडकेल. मगच पट्टी डेकवर स्क्रूने बसव, डेकखाली लाकडाचा ठोकळा चिकटवून. स्पोकचा आट्यांकडचा 30 मिमी तुकडा वरून निपलमध्ये फिरव, दुसऱ्या टोकाला कडी वळव, तिला दोर बांध. निपल फिरवताना कडी पक्कडीत धरायची, नाहीतर दोराला पीळ पडतो. निदान 5 मिमी आटे आत असू देत. कमी असले तर ऐन वाऱ्यात आटे सुटून डोलकाठी आडवी होते.

बूमच्या, म्हणजे शिडाखालच्या आडव्या काठीच्या, डोलकाठीशी असलेल्या सांध्यावर मात्र वेळ घाल, सगळी होडी त्यावर चालते. एरियलचा असा तुकडा निवड की 2 मिमीचा स्पोक स्वतःच्या वजनाने आत उतरेल पण डुगडुगणार नाही. 20 मिमी काप, पण पकडीने नाही, नळी चेपते. बारीक करवतीने काप आणि कडा कानशीने गोल कर. डाग द्यायचा असेल तर वरचं क्रोम पूर्ण घासून पितळ उघडं कर, क्रोमवर कथील धरतच नाही. नळी डोलकाठीमागे उभी ठेवून दोऱ्याने गच्च गुंडाळ आणि वर अॅरल्डाइट लाव. डोलकाठी अॅल्युमिनियमची असेल तर मधेही त्याचा थर हवाच, खाऱ्या पाण्यात पितळेशेजारचं अॅल्युमिनियम खाल्लं जातं. स्पोकच्या वरच्या टोकाला कडी कर आणि बूमच्या फटीत 2 मिमीच्या बोल्टने अडकव. बूम खाली खेचणाऱ्या दोराचं खालचं टोक या नळीच्या बरोबर खाली, त्याच उभ्या रेषेत बांध. पुढेमागे झालं तर बूम बाहेर गेल्यावर दोर सैल किंवा जास्त घट्ट होतो, आणि शिडाचा पीळ बिघडतो.

दोर कमीजास्त करायची बाउझी जुन्या एटीएम कार्डाची होते. कार्ड 0.76 मिमी जाड असतं. दोन तुकडे पॉलिश पेपरने घासून फेविक्विकने जोड, 12 × 5 मिमी काप, ओळीत तीन भोकं पाड. अर्ध्या मिमीच्या दोराला 1 मिमीचं भोक पुरे, मोठं झालं तर बाउझी घसरते. दोर पहिल्या भोकातून कडीकडे जाऊन दुसऱ्यातून परत येतो आणि तिसऱ्यात गाठ बसते. 3 मिमीचं ड्रिल बिट हाताने फिरवून प्रत्येक भोकाची धार मोड. ती राहिली तर दोर तिथेच तुटतो. प्लॅस्टिक उन्हात ठिसूळ होतं, म्हणून चार-सहा बाउझ्या जास्तीच्या करून ठेव.

पुढच्या पत्रात शिडाचं बघू. तोवर बूमच्या सांध्याचा फोटो पाठव, कोन तपासून कळवतो.

तुझा,
श्रीधर