वीकएंड ट्रिपचा सल्ला आणि आमची शिफ्ट

संपादक महोदय,

नवरा-बायकोनं महिन्यातून एकदा तरी बाहेरगावी जावं असा सल्ला तुमच्या पुरवणीत वाचला, छान आहे, पण सुट्टी कोण देणार? हे इंदूरजवळच्या पीथमपूरच्या औद्योगिक वसाहतीत शिफ्टमध्ये, मी बँकेत, मार्च एंडिंगला तर आमचं बोलणं फक्त डब्यावरून होतं. कायद्यात आठवड्याला 48 तासांची मर्यादा आहे, पण जाण्यायेण्याचा वेळ त्यात कोण धरतं!

आम्हाला खरं वाचवलं ते इंदूरच्या सराफा बाजारानं. दिवसा सोन्याचांदीची दुकानं आणि रात्री ती बंद झाली की त्यांच्याच ओट्यांसमोर खाण्याचे ठेले, त्यामुळे हे सेकंड शिफ्टवरून कितीही उशिरा आले तरी काहीतरी गरम मिळतंच, मग एका प्लेटमध्ये दोघांत भुट्ट्याचा कीस, थंडीत गराडू (तळलेला मसालेदार कंद), आणि दोघांचेही मोबाइल माझ्या पर्समध्ये. भांडणंसुद्धा तिथेच उरकतो, घरी सासूबाई ऐकतात ना.

बाकी गिफ्टबिफ्ट राहू द्या, पुढच्या आठवड्याची शिफ्ट फ्रिजवर लिहिलेली असली तरी निम्मी कटकट कमी होते. पुरवणीत एकदा शिफ्टवाल्यांसाठीही काही छापा की.

– एक वाचक, इंदूर