सहा महिन्यांच्या नातीसाठी, तिच्या बाबाला

चि. अमोल यास,
अनेक आशीर्वाद.

परीचं वजन बरोबर आहे म्हणालास, बरं वाटलं. पण लांबी? ती कुणी विचारतच नाही. आमच्या अंगणवाडीतही वजनकाट्यापाशी रांग आणि उंची मोजायची फळी भिंतीला टेकलेली. दोन वर्षांखालचं बाळ आडवं निजवून मोजावं लागतं. एकानं डोकं फळीला टेकवून धरायचं, दुसऱ्यानं गुडघे हलकेच दाबून तळपाय सरळ करायचे. एकटीचं काम नव्हे, म्हणून राहून जातं. जुलाबात उतरलेलं वजन भरून येतं, पण पोटात असल्यापासून दुसऱ्या वाढदिवसापर्यंतच्या 1000 दिवसांत खुंटलेली उंची पुढे भरून निघणं फार अवघड. नवव्या महिन्यात गोवराच्या लशीला जाशील तेव्हा लांबी मोजून घेच.

आता वरचं खाणं सुरू होईल. अंगावरचं दूध दोन वर्षं तरी चालू राहू दे, पण ते एकटं आता पुरायचं नाही. आत्याबाई वरणाचं पाणी पाजायला सांगतील, "पचायला हलकं" म्हणून. बाळाचं पोट वाटीएवढं, ते पाण्यानंच भरलं तर अन्न जाणार कुठे? वरणभात असा घट्ट कुसकरायचा की चमचा तिरका केला तरी ओघळता कामा नये. वर तूप. अंडंही चालतं, दातांची वाट बघायला नको. चहा-बिस्कीट अजिबात नको.

स्नेहाला हे सगळं ठाऊक आहे. आईला शिकवलं की झालं, असं आमच्या प्रशिक्षणात धरून चालायचे. मला ते अर्धंच पटायचं. आपल्या महाराष्ट्रात 2005 साली कुपोषण हटवण्यासाठी मिशन निघालं, आणि दोन वर्षांखालच्या खुज्या, म्हणजे वयाच्या मानानं उंची कमी असलेल्या, मुलांचं प्रमाण 39 टक्क्यांवरून 2012 पर्यंत 24 च्या आसपास आलं. तरी 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यातली पाच वर्षांखालची शंभरातली 35 मुलं खुजीच निघाली. एवढ्या साऱ्या आया अडाणी थोड्याच आहेत! घट्ट खिचडी कशी करायची हे मला घडाघडा सांगणारी बाई सकाळी भाताच्या लावणीला जायची, आणि मागे बाळाच्या हातात पाच रुपयांची पुडी. तिच्या माहितीला घरात ना वेळ होता, ना किंमत.

स्नेहाची रजा संपली की सकाळचं भरवणं तू घे. आधी स्वतःचे हात साबणानं धू. परीची वाटी वेगळी ठेव, म्हणजे किती पोटात गेलं ते कळतं. अर्धा तास लागेल, फोन बाजूला ठेव.

आत्याबाईंशी मी बोलते.

तुझी,
आई