तू ग्रुप सोडलास त्या रात्रीबद्दल

सांगोला,
रविवार, रात्री

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

फोन केला असता, पण तू "जाऊ दे रे" म्हणून विषय मिटवला असतास. म्हणून पत्र.

डाळिंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून तू बाहेर पडलास त्याला आज बारा दिवस झाले. सुरुवात कशी झाली होती, आठवतंय? एका पोराने पानावरच्या तेलकट डागांचा फोटो टाकून विचारलं होतं, तेल्या, म्हणजे डाळिंबावरचा तो जिवाणूचा रोग, आहे का? त्याखाली कुणीतरी निवडणुकीचा फॉरवर्ड टाकला. "इथे बागेचं बोला," एवढंच तू लिहिलंस. त्यावरून तुझी जात निघाली, बाप निघाला. ग्रुपचा अ‍ॅडमिन मी, आणि मी मोटर चालू करून बांधावर बसून सगळं वाचत होतो. मध्ये पडलो तर दोन्हीकडून वाईट होऊ, असं वाटलं. चूक माझी आहे. तुला मी एकटं पाडलं.

नंतर एकाने मला मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाचा २०२१ चा निकाल दाखवला. सदस्याने काही आक्षेपार्ह टाकलं, तर निव्वळ अ‍ॅडमिन आहे म्हणून अ‍ॅडमिनला दोषी धरता येत नाही. पण कायद्याने सुटलो म्हणून तुझ्यासमोर कसा सुटेन?

तुझी उणीव मला कधीपासून कळायला हवी होती सांगू? १ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून पाच जणांना ठेचून मारलं. डवरी गोसावी समाजाची माणसं, भिक्षा मागत फिरणारी. त्यातली बहुतेक आपल्या शेजारच्या मंगळवेढा तालुक्यातली. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात फॉरवर्डवर पाच चॅटची मर्यादा आणली. तशीच अफवा त्याआधी आपल्या ग्रुपवरही आली होती. "कुणी स्वतः पाहिलंय का?" असं विचारणारा तू एकटा होतास. टाकणाऱ्याने मेसेज मागे घेतला. त्या दिवशी तू आवाज चढवला नव्हतास, कुणाला वेड्यात काढलं नव्हतंस.

तुला बोलला त्याच्या घरी परवा जाऊन आलो. ग्रुपवर माफी मागायला लावली असती तर पुन्हा भांडण पेटलं असतं. ओट्यावर बसून तासभर बोललो. त्याच्याही बागेत यंदा निम्मी फळं तडकली आहेत, माणूस आतून जळतोय. तुला भेटायला येतो म्हणाला. येईल असं मला वाटतं.

बाकी, आणखी दोघांना अ‍ॅडमिन केलंय. मी रात्री पाणी द्यायला गेलो की लक्ष राहत नाही. रात्री दहानंतर फक्त अ‍ॅडमिनच लिहू शकतात. भांडणं बहुतेक त्याच वेळेला होतात. वाढदिवस, राजकारण यांना वेगळा ग्रुप. कुणाचा मेसेज काढायचा असेल तर आधी त्याला फोन करायचा, मग काढायचा. हे मी स्वतःवर घालून घेतलंय.

आणि त्या पोराचं. त्या गदारोळात त्याला उत्तर कुणीच दिलं नाही. त्याने एकाच कात्रीने अख्ख्या बागेची छाटणी केली. आता डाग शेजारच्या ओळींतही दिसतात. मी त्याला कात्री दर झाडाला जंतू मारणाऱ्या हायपोक्लोराइटच्या पाण्यात बुडवायला आणि पडलेली फळं गोळा करून जाळायला सांगितलं, पण पुढचं मला नीट सांगता येत नाही. त्याला हस्त बहार, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरातला फुलोरा, धरायचाय; त्यासाठी झाडांची पानं गाळायचं काम पुढच्या आठवड्यात आहे.

ग्रुपवर यायचं की नाही ते तू सावकाश ठरव. त्याचा नंबर मागच्या पानावर लिहिलाय. त्याला तेवढा एक फोन कर.

तुझाच,
मित्र