आईचा रक्ततपासणी अहवाल परक्या हाती गेल्याबद्दल तक्रार

डिचोली, गोवा
१९ जानेवारी २०२६

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय : रक्ततपासणीचा अहवाल व मोबाइल क्रमांक परवानगीशिवाय तिसऱ्याला मिळाल्याबाबत

महोदय,

डिसेंबर महिन्यात आपल्या कंपनीने आमच्या घरी येऊन माझ्या आईचे रक्त तपासणीसाठी नेले. रक्त घ्यायला आलेला आपल्या कंपनीचा मुलगा वेळेवर आला, हात हलका होता, आईला सुई टोचलेली कळलीसुद्धा नाही. त्याच्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. जे घडले ते अहवाल आल्यानंतर.

अहवाल आला त्याच्या दुसऱ्या दिवशी आईच्या मोबाइलवर फोन आला. मी कामावर होते. समोरची बाई हिंदीत बोलत होती. नाव विचारून तिने थेट आकडाच सांगितला : तुमची तीन महिन्यांची साखर ८.९ आली आहे, भात आणि पेज ताबडतोब बंद करा, नुसत्या गोळ्यांनी भागणार नाही, आमची पावडर मागवा. आईला वाटले, डॉक्टरांकडूनच फोन आहे. दशांशापर्यंतचा आकडा आणखी कोणाला ठाऊक असणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी आईने पेज घेतली नाही. मधुमेहावरची ग्लिमेपिराइडची गोळी मात्र नेहमीप्रमाणे घेतली. ही गोळी घेऊन पोट रिकामे ठेवले तर साखर धोका होईल इतकी खाली येऊ शकते. अकराच्या सुमारास तिला दरदरून घाम सुटला, हात थरथरू लागले, बोलणे अडखळू लागले. शेजारच्या काकी काही मागायला म्हणून आल्या होत्या, त्यांनी लगेच साखरपाणी पाजले म्हणून निभावले. घरात त्या वेळी दुसरे कोणीच नव्हते.

ही माहिती आपल्याकडूनच बाहेर गेली, असे मी पुराव्यानिशी म्हणते. आईचे नाव सुमती. नोंदणी करताना आपल्या माणसाने ते ‘सुमंती’ असे लिहिले आणि बिलावर, अहवालावर तसेच छापून आले. फोनवरच्या बाईने ‘सुमंतीजी’ म्हणूनच विचारले. ही चूक आईच्या आधार कार्डावर नाही, बँकेत नाही, डॉक्टरांच्या फाइलवरही नाही. शिवाय तो मोबाइल क्रमांक नव्या सिमचा. घरच्या माणसांव्यतिरिक्त तोवर तो फक्त आपल्या नोंदणीत दिला होता.

अहवालाची जी लिंक एसएमएसने आली तिला ना ओटीपी, ना पासवर्ड. मी ती कार्यालयातल्या संगणकावर, कुठेही लॉगिन न करता उघडली. क्षणात आईचे नाव, वय, पत्ता, साखर, मूत्रपिंडाचे काम दाखवणारे क्रिएटिनिन सगळे समोर. तो मेसेज ज्याच्या हाती पडेल त्याला हे सारे दिसणार.

आपल्या ग्राहक सेवेला फोन केला तेव्हा आधी ‘तुमचा डेटा पूर्णपणे सुरक्षित आहे’ हे वाक्य ऐकवले गेले. मग १९०९ वर डीएनडी (जाहिरातीचे कॉल नकोत, अशी नोंद) नोंदवा, असा सल्ला मिळाला. जाहिरातीचे कॉल १४० ने सुरू होणाऱ्या क्रमांकावरून यायला हवेत, हा साध्या दहा आकडी मोबाइलवरून आला होता. त्याची तक्रार मी वेगळी केली आहे. पण डीएनडीने पुढचे फोन थांबतील. गेलेला अहवाल परत येईल का? शेवटी तो कर्मचारी म्हणाला, ‘मॅडम, आजकाल सगळ्यांचाच डेटा सगळीकडे असतो.’ या वाक्याचा मला सर्वांत जास्त संताप आला. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, तो काय कंपन्यांनी खांदे उडवून सोडून देण्यासाठी? आमच्या लहान गावात कोणाचे काय दुखते हे फार काळ लपत नाही, हे खरे. तरी ते कोणाला सांगायचे, कधी सांगायचे, हे ज्याचे दुखणे तो ठरवतो. आईने हा आकडा आपल्या सख्ख्या बहिणीलाही सांगितला नव्हता.

आपल्या ॲपमध्ये ‘आमच्या भागीदारांना माहिती देण्यास संमती’ असा रकाना आहे. तो आधीच टिक केलेला असतो आणि सगळा मजकूर इंग्रजीत. याला संमती म्हणता येणार नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संमती स्वेच्छेने, ठरावीक कारणासाठी आणि ग्राहकाच्या स्पष्ट कृतीतून दिलेली असावी, असे म्हटले आहे. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषेत ती वाचण्याचा पर्यायही द्यावा लागतो. मराठी आणि कोंकणी दोन्ही त्या अनुसूचीत आहेत. त्या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि कंपन्यांना तयारीसाठी मुदत मिळाली आहे, हे मला माहीत आहे. मात्र ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ आजच लागू आहे आणि ग्राहकाने विश्वासाने दिलेली वैयक्तिक माहिती कायद्याचा आधार नसताना दुसऱ्याला देणे ही त्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे. आपल्याच कोणा कर्मचाऱ्याने पैशासाठी ही माहिती विकली असेल, तर त्याला शिक्षा करणारे माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ७२अ आहे.

म्हणून मला सर्वप्रथम हे लेखी हवे आहे की आईचा अहवाल आणि क्रमांक कोणाकोणाकडे गेला, कोणत्या तारखेला आणि कोणाच्या परवानगीने. नाव न घेता ‘आमचे भागीदार’ असे मोघम उत्तर मी स्वीकारणार नाही. ज्यांच्याकडे माहिती गेली त्यांना ती पुसायला लावून तसे त्यांच्याकडून लिहून घ्यावे. अहवालाच्या लिंकला ओटीपी लावावा, तोही फक्त आमच्यापुरता नव्हे. इथली कितीतरी म्हातारी माणसे एकटी राहतात आणि मुलांच्या सांगण्यावरून आपल्या कंपनीवर भरवसा ठेवतात. तो आधीच टिक केलेला रकाना काढून टाकावा. आणि आईची लेखी माफी मागावी, तिला वाचता येईल अशा मराठीत. ती अजून अनोळखी फोन आला की उचलत नाही, त्यामुळे डॉक्टरांचा खरा फोनही एकदा चुकला.

माहिती तंत्रज्ञान कायद्याखालच्या २०११ च्या नियमांनुसार तक्रार अधिकाऱ्याने एका महिन्यात निवारण करायचे असते. त्या मुदतीत उत्तर आले नाही, तर मी उत्तर गोवा जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे दाद मागेन आणि रायबंदरच्या सायबर गुन्हे पोलीस ठाण्यातही तक्रार देईन.

सोबत बिलाची प्रत, अहवालाचे पहिले पान, लिंकच्या एसएमएसचा आणि कॉल नोंदीचा स्क्रीनशॉट जोडला आहे. उत्तर बिलावरील पत्त्यावर स्पीड पोस्टाने पाठवावे.

आपली,
तक्रारदार ग्राहकाची मुलगी
(आईच्या सहीचे अधिकारपत्र जोडले आहे)