यवतेश्वरचा घाट सुखरूप उतरायला शिकवणाऱ्या मामांना

प्रिय मामा,
सादर नमस्कार.

नाव आणि तुमच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानाची जागा लिहू नका असं तुम्ही बजावलंत, म्हणून लिहीत नाही. पत्र मात्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय. समोर येऊन आभार मानायला लागले की तुम्ही हवेचा पंप उचलता आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळता. इथे तसं करता येणार नाही. तुमची पुतणी वाचून दाखवेल तेव्हा शेवटपर्यंत ऐका.

गेल्या वर्षी मे महिन्यात मी मुलाची सव्वीस इंची माउंटन बाइक ढकलत तुमच्याकडे आणली. तो शिकायला पुण्याला गेल्यापासून तिने तीन पावसाळे जिन्याखाली काढले होते. माझं वय ४६, पतपेढीत दिवसभर खुर्चीवर बसून काम, आणि डोक्यात एकच खूळ: साताऱ्यातल्या समर्थ मंदिरावरून निघायचं आणि यवतेश्वरचा घाट सायकलने चढायचा. आधी ज्या दुकानात गेले होते तिथे सायकलला हातही न लावता सांगितलं होतं की हिच्यात पैसे घालू नका, पंचवीस हजारांची नवी घ्या. माझ्याजवळ होते तीन हजार. तुम्हाला म्हटलं, मागचा गिअर नवा टाकून द्या, तो खाड्खाड् वाजतो.

तुम्ही गिअरकडे बघितलंसुद्धा नाही. पुढचा ब्रेक दाबलात, सायकल रेटलीत, ती तशीच पुढे सरकली. मग म्हणालात, "ताई, चढाचं काय घिऊन बसलाय? दम लागला तर ढकलत न्याल. उताराला काय करनार? आधी बिरेक बगू."

मामा, हे वाक्य मला त्या दिवशी नीट कळलं नव्हतं. जुलैत धुक्यातून घाट उतरताना कळलं.

ब्रेकचे रबर तुम्ही फेकले नाहीत. काढून दाखवलेत, वरून काचेसारखे गुळगुळीत झालेले. त्यात रुतलेले रिमचे बारीक चकाकते कण सुईने एकेक उपसलेत, पॉलिश पेपरवर रबर घासून खरबरीत केलेत आणि रिम साबणाच्या पाण्याने धुऊन काढलीत. मागचे रबर तेवढ्यावर वाचले. पुढचे खाचेपर्यंत झिजले होते, ते नवे घातलेत. बसवताना रबराची पुढची कड रिमला केसभर आधी टेकेल असं तिरकं ठेवलंत, म्हणजे ब्रेक किंचाळत नाही. आणि पावसात रिम ओली असली की ब्रेक लगेच धरत नाही, आधी एखाददोन फेऱ्या पाणी पुसण्यात जातात, म्हणून वळण यायच्या आधीपासून हलकं दाबत राहायचं, हे दोनदा बजावलंत.

मग केबल. माझ्या सायकलच्या गिअरला कुणीतरी ब्रेकच्या केबलचं आऊटर, म्हणजे तारेवरचं कव्हर, घातलं होतं. मला दोन्ही सारखीच दिसत होती. तुम्ही दोन तुकडे सोलून माझ्या हातात दिलेत: ब्रेकच्या आऊटरमध्ये तार स्प्रिंगसारखी गुंडाळलेली, गिअरच्या आऊटरमध्ये तारा उभ्या, शेजारी शेजारी. गुंडाळलेलं आऊटर ओढ बसली की किंचित आक्रसतं, म्हणून गिअर नेमक्या दातावर येत नाही. उलट गिअरचं आऊटर ब्रेकला कधीच लावायचं नाही, जोरात दाबल्यावर ते फाटू शकतं. ज्या गिअरला मी दोष देत होते तो ठणठणीत होता. त्याला धरणारा हँगर आत वाकला होता, जिन्याखाली सायकल त्या बाजूला पडली असणार. तुम्ही तो हळूहळू सरळ केलात, नवी तार ओवलीत, आणि गिअरमागचा बारीक स्क्रू पाव पाव फेरा कसा फिरवायचा ते माझ्याकडून करून घेतलंत. आवाज बंद. नव्या गिअरचे पैसे वाचले.

तुमच्या भिंतीवरच्या खिळ्याबद्दल लिहिलं नाही तर पत्र अपुरं राहील. तिथे दोन चेन शेजारी टांगलेल्या आहेत, दोन्हींच्या कड्या सारख्याच, पण एक दुसरीपेक्षा बोटभर लांब. कडीकडीतली पिन झिजते म्हणून चेन वाढते, हे शाळेत कुणी सांगितलं असतं तर मी विसरले असते. खिळ्यावर बघितलं ते विसरणार नाही. स्टीलची पट्टी लावून मोजायचं: एका पिनेच्या मध्यापासून चोविसावी पिन नव्या चेनमध्ये बरोब्बर १२ इंचांवर येते. इंचाचा सोळावा भाग पुढे गेली की चेन बदलायची. आठव्या भागापर्यंत थांबलं तर तिने फ्रीव्हीलचे, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चक्रांच्या जुडग्याचे, दातही खाल्लेले असतात आणि साडेतीनशेच्या जागी हजाराचा खर्च पडतो. माझी चेन आठव्या भागाच्याही पुढे गेली होती.

म्हणजे फ्रीव्हील बदलणं भागच होतं, आणि इथेच तुम्ही म्हणालात की आता घेतोच आहोत तर घाटाचं घेऊ. जुन्याचं सगळ्यात मोठं चक्र २८ दातांचं होतं, तुम्ही ३४ दातांचं आणलंत. पुढच्या २४ दातांच्या चक्रावर चेन असताना पायडलच्या एका फेऱ्यात सायकल पूर्वी पावणेदोन मीटर जायची, आता दीड मीटरपेक्षा जरा कमी जाते. हिशेब माझा आहे, पतपेढीची सवय. पण यवतेश्वरच्या चढावर तो हिशेब गुडघ्यांना कळतो.

जुनं फ्रीव्हील निघत नव्हतं. पायडल मारून मारून ते दरवेळी आणखी घट्ट बसत जातं, असं म्हणालात. तुम्ही ते काढायचं टूल व्हाइसमध्ये, म्हणजे टेबलावरच्या शिकंज्यात, आवळलंत, चाक त्यावर आडवं ठेवलंत आणि मला म्हणालात, धरा रिम दोन्ही हातांनी, गाडीचं स्टेअरिंग फिरवल्यासारखं फिरवा. कट् झालं आणि ते सुटलं. आयुष्यात पहिल्यांदा मी एखादं यंत्र खोललं होतं. घरी जाऊन मुलाला फोन केला तेव्हा आधी हेच सांगितलं. नवं फ्रीव्हील बसवण्याआधी आट्यांना ग्रीस लावायला विसरला नाहीत, पुढच्या वेळी कुणाला तरी ते काढावं लागणार म्हणून. मागच्या चाकातले छर्रेही त्याच दिवशी रॉकेलने धुतलेत, एका बाजूला नऊ, दुसऱ्या बाजूला नऊ, आणि ग्रीस भरून बसवलेत.

टायरला पैसे कमी पडत होते. तेव्हा एकच नवा घ्यायला लावलात आणि तो पुढे घातलात, पुढचा बरा होता तो मागे टाकलात. मी विचारलं, झिजतो तर मागचा ना? तुम्ही म्हणालात, मागचं चाक घसरलं तर सावरता येतं, पुढचं घसरलं की मानूस खाली. शॉकॲब्सॉर्बर बदलू का म्हटलं तर सरळ नाही म्हणालात. त्या किमतीत अर्धी सायकल येते आणि डांबरी घाटात त्याचा उपयोग नाही. बसायची सीट दोन बोटं वर घेतलीत, त्याचे पैसे घेतले नाहीत. दोन चाकांचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढलात त्याचेही नाहीत. एकूण दोन हजार सातशे झाले. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण तुमच्या जागी दुसरा कुणी मला त्याच दिवशी नवा गिअर, नवा शॉक आणि नवे टायर सहज विकू शकला असता. मला काहीच कळत नव्हतं.

जूनमध्ये तीन वेळा थांबत यवतेश्वरला पोचले. ऑगस्टमध्ये न थांबता. आणि सप्टेंबरच्या शेवटी एका पहाटे निघून कासला. ज्या पठाराला २०१२ मध्ये जागतिक वारशाचा मान मिळाला, ते माझ्या घरापासून पंचवीसेक किलोमीटरवर, आणि तिथे आजवर मी गाडीच्या काचेतूनच गेले होते. सायकलवरून जाताना तेरड्याचा गुलाबी रंग हळूहळू वाढत जातो, गाडीतून तो एकदम येतो. परतताना घाटात समोर अजिंक्यतारा दिसला, दोन्ही ब्रेक हाताखाली होते आणि मला भीती वाटली नाही. त्या क्षणी तुम्हाला फोन करणार होते. तुम्ही तो उचलत नाही हे आठवलं.

आता दर रविवारी मी सायकल उलटी ठेवते, चाक फिरवते आणि ऐकते. कासच्या लाल मातीने चेन करकरते तेव्हा रॉकेलच्या फडक्याने पुसते, पूर्ण वाळू देते, कडीकडीवर एक थेंब तेल घालते आणि वरचं तेल पुन्हा पुसून टाकते, नाहीतर माती तिथेच चिकटते. आमच्या शाखेतल्या दोघींनी घरातल्या जुन्या सायकली बाहेर काढल्या आहेत. त्यांना आधी ब्रेक दाबून बघायला सांगितलंय.

काल चेन मोजली. १२ इंचांच्या पुढे सोळावा भाग आला आहे. नवी आणून ठेवलीय, या वेळी मी स्वतः बसवणार, तुम्ही फक्त शेजारी उभे राहा. हँडल वळवताना मध्येच अडल्यासारखं होतं, तेही बघायचंय. रविवारी सकाळी नऊला येते. काढलेली चेन त्या खिळ्यावर दोन्हींच्या मधे टांगा.

तुमची,
ताई