झाकण कोण उचलणार?

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू सांगितलंस की पहिलं स्वतंत्र काम तुझ्या नावावर आलं: चार गल्ल्यांची मलवाहिनी, तिच्यावरचा रस्ता आणि कडेची गटारं. मला इतका आनंद झाला की पुढे काय बोलावं ते सुचेना. फोन ठेवल्यावर मात्र एक जुनी गोष्ट वर आली, आणि ती तुला आजवर सांगितलीच नाही हे लक्षात आलं. तुझ्या लहानपणी मी तुला माझे पूल दाखवले, टाक्या दाखवल्या. हे काम दाखवायला कधी नेलं नाही.

नोकरीचं चौथं वर्ष होतं. एका वस्तीची मलवाहिनी माझ्याकडे होती. तिथली चेंबरची लोखंडी झाकणं चोरीला जात, आणि उघड्या चेंबरमध्ये एक लहान मूल पडता पडता वाचलं होतं. मी ठरवलं, झाकणं काँक्रीटची करायची, कुणालाही उचलता येणार नाहीत इतकी जड. पाऊण मीटर लांब, पाऊण मीटर रुंद, बारा सेंटीमीटर जाड. वरून भरलेला ट्रक गेला तरी तडा जाणार नाही याचा हिशेब मी दोनदा तपासला. ड्रॉइंग मंजूर झालं, काम वेळेत झालं, वरिष्ठांनी कौतुक केलं.

दोन वर्षांनी, पावसाळ्याच्या तोंडावर, त्याच वस्तीतून तक्रार आली. वाहिनी तुंबली होती आणि सर्वांत खालच्या अंगाच्या सहा घरांत घाण पाणी उलटं आत शिरलं होतं. मी गेले तेव्हा सफाई कामगार पहारीने झाकणाचा एक कोपरा कसाबसा वर करून त्या फटीतून बांबूच्या कामट्या आत ढोसत होते. उचलायच्या कड्या गंजून तुटलेल्या. दोन वर्षांत एकही चेंबर पूर्ण उघडलं गेलं नव्हतं. एका बाईंनी मला आत बोलावलं आणि भिंतीवरची पाण्याची रेघ दाखवली. त्या रागावल्या नाहीत. खाटेखाली विटा लावून त्यांनी आधीच वाट काढली होती. बाहेर आल्यावर सफाई कामगारांपैकी वयाने मोठे होते ते म्हणाले, “बाई, झाकण उचलायला आम्हीच असतो. एकदा विचारायचं होतं.”

तिथेच उभ्या उभ्या मी डोक्यात गुणाकार केला. काँक्रीट घनमीटरला साधारण 2400 किलो. म्हणजे माझं एक झाकण 162 किलोचं. वरून किती भार येईल ते मी काढलं होतं, ते झाकण कोण उचलणार हे काढलं नव्हतं. गुणाकार तर चौथीतल्या पोराला जमेल असा होता.

सगळी झाकणं बदलली. प्रत्येक चौकटीवर दोन-दोन तुकडे, जस्ताचा मुलामा दिलेल्या कड्या, आणि कड्यांत अडकवून दोघांनी ओढायची एक साधी दांडी. दांडीची लांबी त्याच कामगारांनी सांगितली. फाइलमध्ये मी लिहिलं की मूळ आराखड्यातली चूक माझी आहे. एका सहकाऱ्याने समजावलं, ‘वापरात कड्या खराब झाल्या’ असं लिहा, कुणी विचारणार नाही. तसं लिहिलं असतं तर पुढच्या वस्तीत पुढच्या अभियंत्याने तेच 162 किलोचं झाकण घातलं असतं, कारण मंजूर ड्रॉइंग म्हणून ते खात्याच्या नमुना आराखड्यांत पडून होतं. मी ते त्या नमुन्यांतून काढायला लावलं. इतक्या वर्षांच्या नोकरीत मी नेतृत्व म्हणावं असं काही केलं असेल तर ते त्या दिवशी, एका टिपणात.

तुमच्या अभ्यासात ‘शाश्वत विकास’ हा शब्द फार येतो. चांगला शब्द आहे, पण साइटवर त्याचा अर्थ मला एका साध्या प्रश्नात सापडला: मी इथून बदली होऊन गेल्यावर हे काम कुणाच्या हातात जाणार, आणि त्या हातांना ते पेलणार का? बांधकामाचं वय उद्घाटनापासून मोजतात. दोषदायित्वाचा कालावधी, म्हणजे ठेकेदाराने दोष स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करून द्यायची मुदत, संपतो, ठेकेदार सामान उचलतो, आणि मग पुढची तीस-चाळीस वर्षं ती वाहिनी तिथे राहणाऱ्यांची आणि ती साफ करणाऱ्यांची असते.

म्हणून आराखडाच असा कर की काम स्वतःची थोडी काळजी घेईल. लंडनचं उदाहरण मला नेहमी आवडतं. 1858च्या उन्हाळ्यात थेम्स नदीची दुर्गंधी इतकी वाढली की संसदेला बसणं मुश्कील झालं, आणि जोसेफ बॅझलजेट या अभियंत्याच्या योजनेला पैसे मिळाले. त्यांच्या अनेक वाहिन्यांचा छेद अंड्यासारखा होता, निमुळतं टोक खाली. पाणी कमी असलं तरी त्या अरुंद तळातून ते वेगाने वाहतं आणि गाळ बसू देत नाही. तुझ्या गोल पाइपलाही हाच नियम लागू आहे. वेग सेकंदाला साधारण 0.6 मीटरच्या खाली गेला की वाळू तळाशी बसायला लागते. उताराची लेव्हल स्वतः तपास, दुसऱ्याच्या वहीवर विसंबू नकोस. बॅझलजेट यांच्याबद्दल आणखी एक गोष्ट मला मोठी वाटते. पोर्टलंड सिमेंट तेव्हा नवं होतं, आणि माल कामावर वापरण्याआधी त्याची चाचणी घेण्याचा आग्रह त्यांनी सोडला नाही. त्यांच्या वाहिन्यांपैकी बऱ्याच आजही वापरात आहेत.

सिमेंटचा विषय निघालाच आहे तर सांगते. जगात माणसांमुळे हवेत सुटणाऱ्या एकूण कार्बन डायऑक्साइडपैकी 7 ते 8 टक्के सिमेंटमधून येतो, आणि त्यातला निम्म्याहून अधिक वाटा भट्टीच्या इंधनाचा नसून चुनखडीतूनच सुटणाऱ्या वायूचा आहे. फ्लाय ॲश म्हणजे औष्णिक वीज केंद्रातली राख, किंवा पोलाद कारखान्यातली स्लॅग म्हणजे भट्टीतली मळी मिसळून तो कमी करता येतो, ते तू माझ्यापेक्षा चांगलं शिकला आहेस. पण क्युरिंग, म्हणजे ओतलेलं काँक्रीट ओलं ठेवणं, नीट केलं नाहीस तर ते सगळं फुकट. अशा मिश्रणाला ताकद यायला जास्त दिवस लागतात, तेवढे दिवस ते ओलं राहिलंच पाहिजे. दहा वर्षांत फोडून पुन्हा ओतावं लागणारं काँक्रीट कितीही ‘हरित’ असलं तरी दुप्पट सिमेंट खातं.

आणि नवीन बांधण्याआधी जुनं नीट बघ. विश्वेश्वरय्यांनी 1903 मध्ये खडकवासल्याला आपोआप उघडणारे दरवाजे बसवून धरणाची भिंत न वाढवता पाण्याची पातळी वाढवली. कंबोडियात नॉम पेन्हच्या पाणीपुरवठ्याची गोष्ट तर मी प्रत्येक नव्या अभियंत्याला सांगते. 1993 मध्ये एक सोन चान (‘एक’ हा त्यांच्या नावाचाच भाग) तिथे प्रमुख झाले तेव्हा सोडलेल्या पाण्यापैकी 72 टक्के पाण्याचा हिशेबच लागत नव्हता. काही गळतीत, काही चोरून जोडलेल्या नळांत. पाणी दिवसाला दहाएक तास यायचं. त्यांनी गळती शोधणारी पथकं नेमली, प्रत्येक जोडणीला मीटर लावला आणि बड्या लोकांनाही बिल भरायला लावलं. मीटर बसवायला गेल्यावर त्यांच्यावर बंदूक रोखली गेल्याचं त्यांनी स्वतः सांगितलं आहे. हळूहळू ते नुकसान 6 टक्क्यांच्या आसपास आलं आणि शहराला चोवीस तास पाणी मिळू लागलं. 2006 मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मला त्यातली बंदुकीपेक्षा दुसरी गोष्ट जास्त धीट वाटते. त्यांनी आधी आपल्याच खात्यातली माणसं आणि सवयी सुधारल्या.

आता तुझ्या चार गल्ल्यांकडे येते. तिथल्या लोकांना भेटायला दुपारी जाऊ नकोस. दुपारी जे भेटतात ते बोलायला मोकळे असलेले चार जण, आणि त्यांनाच आपण ‘स्थानिक’ समजतो. संध्याकाळी जा, मग सकाळी पाणी भरायच्या वेळी जा. बायकांना विचार, कुठल्या उंबऱ्यापर्यंत पाणी येतं. भाडेकरूंना विचार, कारण त्यांना सभेला कुणी बोलावत नाही. नकाशा बरोबर ने, पण आधी गुंडाळलेलाच राहू दे. उघडा नकाशा दिसला की लोकांना वाटतं, ठरलंय सगळं.

कराचीच्या ओरंगी वस्तीत अख्तर हमीद खान यांनी 1980 मध्ये काम सुरू केलं तेव्हा मलवाहिनी हे सरकारनेच करायचं काम आणि ते आपल्या आवाक्याबाहेरचं, असं लोक धरून चालले होते. त्यांनी गल्ली हा घटक धरला. घरातला संडास, गल्लीतली वाहिनी आणि तिला पुढे नेणारी वाहिनी लोकांनी स्वतःच्या पैशाने आणि देखरेखीखाली करायची. मोठी मुख्य वाहिनी आणि शुद्धीकरण सरकारने करायचं. आराखडे सोपे केले, मधला ठेकेदार काढला, तसा खर्च लोकांच्या हातात आला. ही पद्धत जशीच्या तशी सगळीकडे उचलावी असं मी म्हणणार नाही. मुळात सरकारची असलेली जबाबदारी गरिबांच्या गळ्यात घालायला तिचा आधार घेतला जातो, तेव्हा मला राग येतो. पण गल्लीतल्या माणसाला आपलं चेंबर कुठे आहे आणि ते कधी उघडायचं हे ठाऊक असणं, ही त्यातली गोष्ट तुझ्या कामात हवीच.

रस्त्याबद्दल फार लिहीत नाही. आधी खालचं सगळं टाकून घे, पाण्याचे पाइप, केबल, घराघरांच्या जोडण्या, मग वरचा थर. पाणी खात्याला आणि वीजवाल्यांना लेखी विचार, उत्तर आलं नाही तर स्वतः जाऊन बस. रस्त्याला मारतं ते पाणी, म्हणून कडेची गटारं शेवटी उरलेल्या पैशांत करू नकोस.

वरून दबाव येईल, उद्घाटनाची तारीख येईल. तेव्हा जपानमधल्या फुदाई गावाचे कोतोकू वामुरा आठव. 1896 आणि 1933 अशा दोन त्सुनामींनी ते गाव उद्ध्वस्त केलं होतं, आणि दुसऱ्या वेळचा विनाश वामुरांनी पाहिला होता. गावाचे प्रमुख झाल्यावर त्यांनी समुद्राची लाट अडवायला 15.5 मीटर उंचीच्या दरवाजाचा हट्ट धरला. इतका उंच कशाला, पैशाची नासाडी आहे, असं लोक म्हणायचे. 1984 मध्ये दरवाजा पूर्ण झाला. 1997 मध्ये वामुरा गेले, तोवर त्याच्या उंचीचा उपयोग कुणी पाहिला नव्हता. 11 मार्च 2011 ला लाट आली आणि दरवाजामागचं गाव वाचलं. त्या दिवशी मुख्य दरवाजे दूरच्या नियंत्रणाने बंद झाले, पण लहान दारं अग्निशमनच्या लोकांना हाताने लावावी लागली. मी त्या लोकांचा फार विचार करते. सत्तावीस वर्षं कुणीतरी ती दारं हलती ठेवली होती.

काही गोष्टी तुझ्याकडून मला हव्याच आहेत. अंदाजपत्रकात देखभालीची ओळ घाल, कुणी कापली तर पुन्हा घाल. काम संपल्यावर प्रत्यक्ष झालेल्या कामाचा नकाशा काढ, प्रत्येक चेंबर कुठल्या पक्क्या खुणेपासून किती मीटरवर आहे ते लिही, आणि एक प्रत सफाईच्या मुकादमांकडे दे, फक्त कार्यालयात ठेवू नकोस.

आणि चेंबरमध्ये माणूस उतरवायचा नाही. कुणी कितीही घाई केली, आधीच्या साहेबांनी उतरवला होता असं सांगितलं, तरी नाही. हायड्रोजन सल्फाइड थोडा असतो तेव्हा सडक्या अंड्यासारखा वास येतो, वाढला की नाकाला वास येणंच बंद होतं. ‘साहेब, आता वास गेला’ असं कुणी म्हणालं तर सगळ्यांना लांब कर. यंत्र मागव, काम थांबव, तारीख चुकू दे. ठपका आला तर घरी ये, आपण दोघं मिळून उत्तर लिहू.

ते वयस्कर सफाई कामगार आता नाहीत. त्यांनी सांगितलेल्या लांबीची ती दांडी माझ्या कपाटामागे आहे, निवृत्तीच्या दिवशी मी मागून आणली. पुढच्या खेपेला येशील तेव्हा घेऊन जा, तुमच्याकडे तशी करून घेता येईल.

चेंबरचं ड्रॉइंग तयार झालं की मला पाठव. झाकणाच्या शेजारी त्याचं वजन लिही, आणि ते उचलणाऱ्यांना तू कधी भेटलास ती तारीख.

तुझी,
आई